सकाळचं ताट आणि अकरा वाजताचं डोकं

या महिन्याच्या टपालात नाश्त्याबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले. बहुतेकांचं विचारणं एकच आहे: सकाळी जे खातो त्याचा मनावर, लक्ष लागण्यावर, आठवणीवर परिणाम होतो का, आणि होत असेल तर किती? पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४४. पाचला उठते. दोन डबे, सासूबाईंची पेज, पाणी भरणं हे सगळं उरकून सातला घराबाहेर पडते. तोवर पोटात दोन कप चहा आणि उभ्याउभ्या खाल्लेली चार बिस्किटं. पहिले तास ठीक जातात. साडेदहा-अकराला डोकं रिकामं होतं, फळ्यावरचं समीकरण अर्ध्यात सुटतं, हात किंचित थरथरतात आणि साध्या चुकीवरून मुलांवर ओरडते. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच तापट. मला साखर कमी होण्याचा आजार आहे का? (म्हार्दोळ)

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही. ज्याला मधुमेह नाही आणि जो त्याची औषधं घेत नाही, अशा माणसाची रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली सहसा जात नाही. यकृत रात्रभर आपल्या साठ्यातून साखर सोडत असतं आणि साठा कमी पडला तर नवी तयार करतं. पण धोक्याच्या रेषेपर्यंत न घसरताही त्रास होतोच. गोड चहा आणि मैद्याची बिस्किटं झटकन पचतात, साखर भराभर चढते, पाठोपाठ इन्सुलिन येतं आणि दोन-तीन तासांत काही जणांची साखर नाश्त्याआधी होती त्याहूनही खाली जाते. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हजाराहून जास्त निरोगी माणसांना ठरावीक नाश्ते देऊन त्यांची साखर सतत मोजली गेली. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर दोन-तीन तासांनी जास्त घसरत होती, त्यांना भूक जास्त लागत होती आणि पुढचं खाणं ते सरासरी अर्धा तास आधी घेत होते. नाश्ता तोच, पण घसरण माणसागणिक वेगळी. तेव्हा तुमच्या स्टाफरूममधली एखादी सहकारी बिस्किटांवर बारापर्यंत तग धरते म्हणून तुम्हालाही धरता आला पाहिजे, असं मानू नका.

साखर उतरू लागली की ती सावरायला शरीर ॲड्रेनलिन सोडतं. हात कापणं, छातीत धडधड, अंगावर येणारी चीड हे सगळं त्याचं काम. त्यात रिकाम्या पोटी दोन कप चहातलं कॅफीन. याला स्वभाव म्हणणं हा अन्याय आहे. हे मी ठासून लिहिते, कारण फोंड्यात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका 'मी फार चिडकी झालेय हो' अशीच सुरुवात करतात, आणि सकाळपासून काय खाल्लं असं विचारलं की जरा थांबतात. मुलांचं झालं, नवऱ्याचं झालं, सासऱ्यांची गोळी झाली, आपलं राहिलं. घरातल्या प्रत्येकाच्या नाश्त्याची वेळ ठरलेली असते, जी तो करते तिचीच तेवढी नसते. तुमच्या घरी सासूबाईंची पेज रोज वेळेवर होते. त्याच वेळी तुमचंही ताट वाढलं गेलं पाहिजे, आणि ही गोष्ट घरच्यांनी मनावर घ्यायची आहे, फक्त तुम्ही नाही. पाणी कोणीही भरू शकतं.

आता ताटात काय हवं ते सांगते. सावकाश पचणारं धान्य आणि त्याच्या जोडीला पुरेसं प्रथिन, एवढं जमलं तरी अकराचा प्रश्न बराचसा सुटेल. आपल्याकडे यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. रात्री भिजत घातलेले आळसांदे (चवळीच्या जातीचं कडधान्य) सकाळी कुकरला लावा, किंवा आदल्या रात्रीचं आळसांद्याचं तोणाक (रस्सा) थोडं जास्त करून ठेवा आणि पोदेर (पाववाला) आला की एक पोई (कोंड्याचा पाव) घ्या. सुके आळसांदे शंभर ग्रॅम घेतले तर त्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिन असतं, म्हणजे एका वाटीभर तोणाकातून आठ-नऊ ग्रॅम सहज मिळतं. पोई मात्र बघून घ्या. वर कोंडा भुरभुरलेला आणि आत सगळा मैदा, अशी पोई आता सर्रास मिळते. कोंडा पिठात मिसळलेली असेल तर ती चावताना कळते. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी डब्यात टाका, बारा ग्रॅम प्रथिन झालं. मोड आलेल्या मुगाचे घावन, ताकातली नाचणीची आंबील आणि वर मूठभर भाजलेले शेंगदाणे, काहीही चालेल. कडधान्याचा आणखी एक गुण आहे. कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी १९८२ सालीच दाखवलं होतं की सकाळी मसुरीसारखं कडधान्य खाल्लं तर नुसत्या त्या वेळचीच नाही, पुढच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. आपल्या हॉटेलांतली कडधान्याची पातळ भाजी याच कारणासाठी चांगली, फक्त तिच्याबरोबर तीन पाव आणि भजी आली की तो फायदा उरत नाही.

दोन गोष्टी आणखी. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, पण फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, तो त्याआधीच तळाला गेलेला असतो आणि थकवा, लक्ष न लागणं तेव्हापासूनच सुरू होऊ शकतं. चहातले टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाहीत, म्हणून चहा आणि नाश्ता यांत तासाभराचं अंतर ठेवा आणि तोणाकावर लिंबू पिळा. दुसरी गोष्ट पाणी. शाळेत स्वच्छतागृह नीट नसतं म्हणून पुष्कळ शिक्षिका दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. गोव्याच्या दमट हवेत चार तास बोलून-बोलून घसा कोरडा करणाऱ्या बाईच्या शरीरातलं पाणी थोडं कमी झालं तरी लक्ष आणि मूड दोन्ही उतरतात. बाटली टेबलावर ठेवा आणि स्वच्छतागृहाचा विषय शिक्षक-पालक सभेत काढा.

प्रश्न : माझं म्हापशाला दुकान आहे. वय ५२. मुलगी म्हणते, सकाळी खाऊ नका, सोळा तास उपास केला की मेंदू तल्लख होतो. भाऊ म्हणतो, नाश्ता टाळला तर मेंदूला साखर मिळत नाही आणि विसराळूपणा येतो. दोघंही मोबाइलवर पुरावे दाखवतात. खरं कोणाचं?

उत्तर : मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण स्वस्थ बसलेलं असताना आपण जी ऊर्जा खर्चतो तिच्यातला पाचवा हिस्सा तो घेतो. एवढ्यावरून भावाचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण वर लिहिलं तसं यकृत ती सोय करून ठेवतं, त्यामुळे एक नाश्ता चुकला म्हणून मेंदू उपाशी पडत नाही. प्रौढ माणसांवर झालेल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ साली निघाला. त्यात नाश्ता केल्याचा फायदा स्मरणशक्तीत दिसला, विशेषतः थोड्या वेळापूर्वी ऐकलेलं-वाचलेलं पुन्हा आठवण्यात. फायदा लहान, पण पुनःपुन्हा दिसलेला. लक्ष, निर्णय, कामाचा वेग यांत निकाल एकसारखे नव्हते. मुलांच्या शाळेतल्या अभ्यासाबद्दलचे निष्कर्ष उचलून मोठ्यांना लावण्याची चूक बातम्यांत नेहमी होते.

उपासाने मेंदू तल्लख होतो, असं म्हणण्याइतका पुरावा माझ्या मते नाही. ज्यांना सकाळी भूकच लागत नाही, रात्रीचं जेवण लवकर होतं आणि अकराला नीट खातात, त्यांना मी जबरदस्ती करत नाही. सवयीचाही भाग मोठा असतो. रोज खाणाऱ्याने एकदम सोडलं तर पहिले काही दिवस चिडचिड होणारच. तुम्ही स्वतःकडे बघा. गिऱ्हाइकाशी हिशेब करताना चुकता का? दहा वाजता शेजारच्या हॉटेलातून मिरची-भजी मागवता का? तसं असेल तर उपास तुम्हाला मानवत नाही.

एक मात्र पत्रात नाही. मधुमेहाची गोळी घेता का? ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सकाळचं खाणं टाळायचं नाही. तिथे साखर खरोखर खाली जाते, माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, पडतोही.

प्रश्न : नमस्कार. मी सेवानिवृत्त, वय ६८, शाकाहारी. लहानपणापासून सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि मिसकुटाची (कैरीच्या लोणच्याची) फोड हीच सवय. मुलगा बंगळुरूहून आला की म्हणतो, बाबा, हा नुसता स्टार्च आहे, ओट्स खा, नाहीतर स्मरणशक्ती जाईल. हल्ली नावं पटकन आठवत नाहीत हे खरं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. पेज सोडू का? (साखळी)

उत्तर : सोडू नका. तिच्या जोडीला काय घेता ते बदला.

उकड्या तांदळाबद्दल सांगायला मला मनापासून आवडतं. भात सालीसकट उकडून, वाळवून मग कांडतात, तेव्हा कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात आणि कांडल्यावरही बरीचशी टिकतात. त्यातलं थायमिन, म्हणजे ब१, नसेल तर मेंदूला साखरेचं ऊर्जेत रूपांतरच करता येत नाही. साखर असून उपयोग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांना दिसलं की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या सुधारतात. माणसांतल्या बेरीबेरीचं कोडं त्यातून उलगडत गेलं आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. पेजेत पाणी ओतून देत नाही, म्हणून पाण्यात उतरलेलं जीवनसत्त्वही पोटात जातं. आपल्या आज्यांनी आजाऱ्याला पेज दिली ती उगीच नाही.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे तेही सांगते. तांदूळ मऊ शिजला की त्यातली पिष्टं लवकर पचतात, आणि वाटीभर पेजेत प्रथिन तीन-चार ग्रॅमच्या वर नसतं. पूर्वी दहाची पेज शेतातून आलेला माणूस प्यायचा, बरोबर भाजलेला खारा बांगडा किंवा चण्या-आळसांद्याची भाजी असायची आणि पुन्हा तो चिखलात उतरायचा. आज आपण पेज तेवढी ठेवली, बांगडा आणि शेत दोन्ही गेलं. तुम्ही शाकाहारी, तेव्हा पेजेबरोबर वाटीभर मूग किंवा चवळीची उसळ घ्या, पेज जरा दाणेदार ठेवा, प्रमाण थोडं कमी करा, आणि खाऊन झाल्यावर अंगणात वीस मिनिटं फिरा. मिसकुटाची फोड एकच, मीठ फार असतं त्यात. आठवड्यातून दोन-तीनदा पेजेऐवजी नाचणीचं तिजान (पातळ खीर) करा, गूळ न घालता, ताकातलं. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तुमच्या वयाला हवंच. ओट्स वाईट नाहीत, आवडत असतील तर खा. पण साखळीत राहून ओट्स खाल्ले नाहीत म्हणून कोणाची आठवण गेलेली नाही.

आता पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ. शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ही जोडी ब१२ कमी करते. शाकाहारात ब१२ चा आधार फक्त दूध-दही, आणि मेटफॉर्मिनमुळे तेही कमी शोषलं जातं. ब१२ च्या कमतरतेने नावं न आठवणं, उदास वाटणं, पायांना मुंग्या येणं, तोल जाणं असं काहीही होतं, आणि वेळेवर कळलं तर त्यातलं पुष्कळसं भरून येतं. ही तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते. या आठवड्यात करून घ्या आणि अहवाल डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. ब१२ नीट असूनही विसरणं वाढत असेल तर त्याचं कारण ताटात शोधत बसू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : सकाळी एक केळं खाल्लं की 'आनंदाचं रसायन' सेरोटोनिन मिळतं आणि दिवसभर प्रसन्न वाटतं, असा मेसेज फिरतोय. खरं का? (मडगाव)

उत्तर : केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण रक्त आणि मेंदू यांमधला अडसर ते ओलांडत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः तयार करतो, आणि ट्रिप्टोफॅनला आत शिरताना इतर अमिनो आम्लांशी चढाओढ करावी लागते. नुसत्या पिष्टमय खाण्याने त्याची वाट थोडी मोकळी होते, पण ताटात जरासं प्रथिन आलं की तो फरक पुसला जातो. म्हणून सेरोटोनिनच्या नादाने नाश्ता ठरवू नका. केळं चांगलंच आहे. आपलं मोयऱ्याचं केळं तर खावंच, पण चवीसाठी आणि पोटासाठी.

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत आहे. वय २७, एकटा राहतो. आठवड्याआड रात्रपाळी. सकाळी सातला सुटतो, येताना पाव-भाजी, भजी, कॉफी घेतो आणि झोपायचा प्रयत्न करतो. झोप येत नाही. दोन महिन्यांपासून कशातच रस नाही. फुटबॉल सोडला, मित्रांचे फोन घेत नाही. जिममधल्या एकाने सांगितलं, सकाळी प्रोटीन पावडर आणि ओमेगा-३ घे, मूड सुधारेल. कोणती घेऊ?

उत्तर : तुझं वय बघून 'तू' म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी खाण्याचं सांगते आणि मग जे जास्त महत्त्वाचं आहे ते.

रात्री शरीर साखर दिवसाइतकी नीट हाताळत नाही, म्हणून मोठं जेवण पाळीला जाण्याआधी घरी कर. रात्री मध्ये हलकं, म्हणजे उकडलेलं अंडं, चणे, फळ. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा सातची कॉफी तुझी झोप हमखास मोडते. शेवटचा कप रात्री दोनच्या आत. सुटल्यावर भज्यांनी भरलेलं पोट घेऊन आडवं झालास तर जळजळणारच. त्याऐवजी पेज आणि एखादं अंडं किंवा मूग, आणि मग खोलीत पूर्ण अंधार करून झोप. वरच्या शिक्षिकेला सकाळी टिकणारा नाश्ता हवा, तुला झोप लागू देणारा. प्रोटीन पावडरीची गरज मला दिसत नाही. बांगडे-तारले आठवड्यातून दोनदा खाल्लेस की ओमेगा-३ त्यातूनच मिळेल, पैसे वाचतील.

आता दुसरं. दोन महिने कशातच रस नसणं, आवडता खेळ सुटणं, माणसं टाळणं हे नाश्त्याने बरं होणारं नाही आणि नाश्त्यामुळे झालेलंही नाही. दोन आठवड्यांच्या वर असं राहिलं की डॉक्टरांना दाखवायचं असतं. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञांनी पूर्ण आहार सुधारायला मदत केली, निम्म्यांना फक्त सोबत आणि गप्पा. आहार सुधारलेल्या गटात सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यात ८. मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. पण तो दिवसभराच्या जेवणाचा होता, गट लहान होता, आणि त्यातल्या बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन चालूच होतं. आहार उपचाराच्या बरोबरीने चालतो, त्याची जागा घेत नाही.

बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, सरकारी आहे, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) परिसराजवळ. तिथे बाह्यरुग्ण विभागात जा. जायला धीर होत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लाव, फुकट आहे आणि मराठी-कोकणीत बोलता येतं का ते विचार. जीव नकोसा वाटत असेल तर आजच लाव, पाळी संपायची वाट बघू नकोस. आणि एका तरी मित्राचा फोन घे.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळी घेते. नाश्ता किती वेळाने? गोळी दुधाबरोबर चालेल का? (डिचोली)

उत्तर : दुधाबरोबर नको, चहा-कॉफीबरोबरही नको. उठल्यावर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा ते एक तास थांबून खा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचं अंतर ठेवा. गोळी नीट शोषली गेली नाही तर सुस्ती आणि मरगळ राहते, आणि मग दोष उगाच नाश्त्याला दिला जातो.